‘शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट’ आला म्हणून घाबरू नकोस
अरे, बायसन म्हणजे भाषेच्या व्याकरणावरून पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम) बनवणारा प्रोग्राम. पुढचं चिन्ह आत घ्यायचं (शिफ्ट) की आधीची चिन्हं नियमाने एकत्र करायची (रिड्यूस), हे त्याला ठरवता आलं नाही की हा कॉन्फ्लिक्ट येतो. लगेच सगळं व्याकरण पुसून नव्याने लिहायला बसू नकोस. आधी बायसन ‘-व्ही’ लावून चालव. शेजारी आउटपुट फाइल पडते, तिच्यात कुठल्या स्टेटला (पार्सरच्या कुठल्या टप्प्याला) अडलंय ते असतं. ती न वाचता मी दोन रात्री घालवल्यात! बायसन 3.7 पासून तर काउंटरएक्झाम्पल्सचा इशारा चालू केलास की दोन अर्थ निघणारं उदाहरणच समोर येतं.

बेरीज-गुणाकाराचा गोंधळ बहुधा प्राधान्याचा, म्हणजे आधी कुठली क्रिया करायची याचा. ‘%लेफ्ट’च्या (डावीकडून गट करायला सांगणाऱ्या) ओळींत '+' '-' वर, '*' '/' खाली, खालच्या ओळीचं प्राधान्य जास्त.

लोंबकळत्या ‘एल्स’चा (एकात एक दोन इफ असताना एल्स कुणाचा, याचा) एकच कॉन्फ्लिक्ट उरला तर राहू दे. बायसन शिफ्ट करतो, एल्स जवळच्या इफला चिकटतो, आपल्याला तेच हवं असतं. ‘%एक्स्पेक्ट 1’ (एक कॉन्फ्लिक्ट अपेक्षितच आहे) असं लिहून मोकळा हो.