जुन्या सॅन स्टॉर्ममध्ये नवी म्युझिक सिस्टिम बसवायची आहे. दुकानदाराने सांगितलेलं पॅकेज घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००१ ची सॅन स्टॉर्म गाडी, कापडी छत. जुना कॅसेट डेक एकाच बाजूने वाजतो. एफएम लावलं की ॲक्सिलरेटरबरोबर कुईं आवाज चढत जातो. बजेट ४० हजार, आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानाने नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, चार स्पीकर आणि बेस ट्यूब (नळकांड्यातला बेसचा स्पीकर) असं पॅकेज सांगितलंय.

नका घेऊ. पॅकेज वाईट आहे असं नाही, पण ते स्विफ्टसाठी आहे. तुमची गाडी फायबरची, दोन सीटची आणि वरून उघडी. या तिन्ही गोष्टींचा विचार त्या पॅकेजमध्ये कुठेच नाही. माझं मत असं की ४० पैकी निम्मे पैसे डोळ्यांना न दिसणाऱ्या कामांत घाला, म्हणजे वायर, अर्थिंग आणि दरवाजे. डेक सगळ्यात शेवटी. अंबडला माझं कंट्रोल पॅनल वायरिंगचं काम आहे, गाडीतलं म्युझिक हा सुट्टीचा नाद. मित्राच्या स्टॉर्मचं वायरिंग मी बोनेटपासून डिकीपर्यंत उकलून पुन्हा ओढलंय, म्हणून एवढं ठाम बोलतोय.

आधी त्या कुईं आवाजाचं बघू. साध्या गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं आणि सगळा पत्राच परतीची वायर म्हणून वापरतात. मारुती ८०० मध्ये डॅशच्या मागे पत्र्यात कुठेही स्क्रू पिळा, अर्थ मिळतो. स्टॉर्म गोव्यात बनली, इंजिन रेनोचं ११४९ सीसी, आणि बॉडी फायबरची. तिच्यात स्क्रू पिळून फक्त भोक मिळतं. अशा गाडीत दिव्याला, मोटरला, सगळ्याला परतीची वायर ओढावी लागते. घाईतला इलेक्ट्रिशियन मग डेकची काळी वायर सिगारेट लायटरच्या नाहीतर घड्याळाच्या काळ्या वायरीला पिळतो, वर टेप गुंडाळतो आणि मोकळा होतो. त्याच बारीक वायरीतून ब्लोअरचा आणि वायपरचा करंटही परत जात असतो. तिथे जो व्होल्टेजचा फरक पडतो तो आवाजाच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि अल्टरनेटर तुम्हाला स्पीकरमधून ऐकू येतो.

कॅसेट लावल्यावरही कुईं येते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर दोष बहुधा वायरिंगचा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, इंजिन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू करा. एक प्रोब लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा डेकच्या काळ्या वायरीवर. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थिंग ठीक आहे. अर्धा व्होल्ट दिसला तर डेक कितीही महाग आणा, कुईं जाणार नाही.

एफएमवर टकटक, करकर असा आवाज येत असेल तर ती वेगळी भानगड. तो इग्निशनचा. पत्र्याचं बोनेट प्लगच्या ठिणगीचा त्रास बराचसा अडवतं, फायबरचं अडवत नाही. अमेरिकेच्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरची. जुन्या कॉर्व्हेटमध्ये रेडिओ घेतला तर डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या वायरींवर कंपनीच धातूची झाकणं बसवून द्यायची. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. रेझिस्टर प्लग आणि चांगल्या प्लग वायरी टाकल्या की बहुतेक वेळा काम होतं.

अँटेनाच्या बाबतीत फायबर अडचणीची आणि फायद्याचीही. आकाशवाणी नाशिक १०१.४ मेगाहर्ट्झवर लागतं. त्या लहरीची लांबी साधारण २.९६ मीटर, आणि तिचा पाव भाग म्हणजे ७४ सेंटिमीटर. तेवढी काडी एफएमला बरोबर, पण तिच्या बुडाशी धातूचा पृष्ठभाग लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. पॅनलच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बोल्टने धरून त्याला अर्थ दिला की स्टेशन स्वच्छ लागतं. फायदा असा की फायबरमधून रेडिओ लहरी आरपार जातात, त्यामुळे अँटेना आतल्या बाजूला लपवूनही चालते आणि सुंदर फेंडरला भोक पाडावं लागत नाही.

आता मुख्य वायर. बॅटरीपासून लाल आणि काळी अशा दोन स्वतंत्र वायरी ओढून घ्या, दोन्ही सारख्या जाडीच्या. लहान ॲम्पला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरला, १० चौरस मिलिमीटर पुरते. वायर निखळ तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाहेरून अगदी तशीच दिसते, पण एखादी तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. बॅटरीपासून दोन वितींच्या आत लाल वायरीवर फ्यूज हवाच. फायबरमधलं रेझिन पेट घेतं, म्हणून या बाबतीत तडजोड करू नका. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, पक्कडीने चेपलेलं नको, क्रिंपिंग टूलने दाबून घ्या. दाबल्यावर थिंबल एका हातात धरून वायर जोरात ओढा. एक तार जरी सरकली तरी कापा आणि नवीन थिंबल लावा. चासीला अर्थ द्यायचा असेल तर रंग घासून लखलखीत लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर टाकून नट आवळा आणि मग वरून ग्रीस फासा. इगतपुरीच्या बाजूला पावसात गाडी जाणार असेल तर गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.

सिग्नलची आरसीए वायर, म्हणजे डेकमधून ॲम्पकडे आवाज नेणारी वायर, या जाड वायरींच्या शेजारून नेऊ नका. एक डाव्या कडेने, दुसरी उजव्या कडेने.

डेकबद्दल फार लिहीत नाही. नऊ इंची स्क्रीन बसवायला डॅश कापावा लागेल आणि स्टॉर्मचा डॅश बाजारात मिळत नाही. शिवाय छत उघडं ठेवून दुपारी गंगापूर धरणाकडे निघालात तर स्क्रीनवर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसणार नाही. सिंगल डिनचा, म्हणजे साधारण १७८ बाय ५० मिलिमीटर तोंडाचा, ब्लूटूथ असलेला आणि समोरची पट्टी काढून खिशात घालता येणारा डेक घ्या. प्रीआउट (ॲम्पला सिग्नल देणारी मागची सॉकेट) ४ व्होल्टचे असतील तर बरं. बोटींसाठी बनवलेले मरीन डेक मिळाले तर अजून चांगलं, ते ऊन आणि ओल दोन्ही सोसतात. जुनं रूप जपायचं असेल तर कॅसेट डेक शोभेला तसाच ठेवा आणि डॅशखाली छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लपवून तो थेट ॲम्पला जोडा. मी स्वतः हेच केलं असतं.

डेकच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. हिशोब सोपा आहे. डेक गाडीच्याच १४.४ व्होल्टवर चालतो. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम म्हणजे सुमारे ५२ वॉट. पण हा आकडा आवाज पूर्ण फाटून चौकोनी लहर झाल्यावरचा. स्वच्छ आवाजात तोच डेक आदर्श परिस्थितीत २६ वॉट देईल आणि प्रत्यक्षात १५ ते २०. बंद गाडीत तेवढं पुरतं. छत उघडून मुंबई-आग्रा हायवेवर ८० ने जाताना वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून ॲम्प लागतो.

चार स्पीकर मात्र लागत नाहीत. दोन सीटच्या गाडीत तुमच्या मागे बसतंय कोण? मागच्या जोडीचे पैसे पुढच्या जोडीत घाला आणि एकच चांगला कंपोनंट सेट घ्या, ट्विटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) वेगळा आणि कानाच्या दिशेने वळवलेला. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, आकडा बघून घ्या. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ९२ वाल्याइतका आवाज काढायला चौपट वॉट लागतात, कारण दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट होते. कागदी कोन नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. उघड्या गाडीत कधी ना कधी पाणी पडतंच.

साडेसहा इंची बसेल की सव्वापाच, हे माझ्या सांगण्यावर ठरवू नका. या गाड्या थोड्याच बनल्या, हातोहात फिरल्या, आणि मधल्या मालकाने दरवाजात काय काय कापलंय ते गाडीगणिक वेगळं असतं. दरवाजाचं पॅनल काढा, स्पीकरच्या जागेतून आत शाडू मातीचा जाड गोळा लावा आणि काच हळूहळू पूर्ण खाली करा. काच माती दाबत जाईल. काच वर घेऊन उरलेल्या मातीची जाडी पट्टीने मोजा, त्यापेक्षा मॅग्नेटची खोली कमी हवी. दुकानात हे कोणी करत नाही. ते आधी स्पीकर बसवतात, मग काच अर्ध्यात अडली की खाली प्लायवूडचे तुकडे घालतात.

स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या बोर्डाची) नको, एका पावसाळ्यात ती बिस्किटासारखी फुगते. जाड एचडीपीई प्लास्टिकची रिंग सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडून कापून घ्या. फायबरला ती धरताना पत्र्याचे स्क्रू वापरू नका, भोकाभोवती तडा जातो. आरपार बोल्ट आणि मागे रुंद वॉशर. दरवाजाच्या आतल्या कवचाची मोठी भोकं ब्यूटाइल शीटने (चिकट रबरी पत्र्याने) बुजवा, नाहीतर स्पीकरच्या मागची हवा पुढे येऊन बेस खाऊन टाकते. दरवाजाच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र उघडी ठेवा. शीट चिकटवणारा पोरगा उत्साहात तीही बुजवतो, तेव्हा तिथे स्वतः उभे राहा.

ॲम्प क्लास डीचा, चार चॅनलचा, चॅनलमागे ५० वॉट आरएमएस (सतत मिळणारे खरे वॉट). दोन चॅनल दरवाजांना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, आठ इंची छोट्या वूफरला (बेसच्या स्पीकरला), तोही जागा मिळाली तर. पूर्ण ताकदीवर असा ॲम्प १८ अँपिअरच्या आसपास ओढतो, गाणं वाजताना सरासरी त्याहून बरीच कमी. तरी अल्टरनेटरच्या पाटीवरचा आकडा वाचून घ्या. दरवाजांना ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा, छोट्या कोनला ढोल वाजवायला लावू नका. आणि हे आधीच सांगून ठेवतो: छत उघडलं की बेस कमी होणारच. बंद केबिनची कोंडलेली हवा खालच्या सुरांना मदत करते, उघड्या गाडीत ती मदत संपते. बेस ट्यूब कितीही मोठी घातली तरी यात फरक पडत नाही, आणि इवलीशी डिकी मात्र जाते.

तुमच्यासारख्या रविवारीच निघणाऱ्या गाडीसाठी आणखी एक तपासणी. सगळं बसल्यावर चावी काढा, दरवाजे बंद करून थोडा वेळ थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर अँपिअरवर जोडा. ५० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर संपतात, म्हणजे १५ दिवसांत ३५ च्या बॅटरीतले १८. गाडी सुरू होणार नाही आणि दोष बॅटरीला जाईल. आकडा २० च्या आत आणा. ॲम्पची रिमोटची, म्हणजे डेकबरोबर ॲम्प चालू-बंद करणारी, निळी-पांढरी वायर कोणी थेट बॅटरीला तर जोडली नाही ना, हे पहिल्यांदा बघा.

दुकानाचं नाव सुचवत नाही, माणसं बदलत राहतात. वायर, थिंबल आणि हीट श्रिंक अंबड किंवा सातपूरच्या इलेक्ट्रिकल दुकानातून स्वतः आणा, ॲक्सेसरीजवाल्यापेक्षा माल चांगला मिळतो. बसवणाऱ्याला एकच विचारा, ‘अर्थ कुठून घेणार?’ बॉडीवरून म्हणाला तर चहा पिऊन निघून या. आणि कोणाकडूनही करून घ्या, पण मूळ कनेक्टर कापू देऊ नका. मध्ये अडॅप्टरची हार्नेस घालायला सांगा आणि जुना डेक त्याच्या क्लिपांसकट पिशवीत भरून घरी न्या. पुढे गाडी विकताना घेणारा तो नक्की मागेल.