क्वार्ट्झ, ऑटोमॅटिक की चावीचं घड्याळ, आणि आपल्याकडच्या खड्यांना काही किंमत आहे का?

तुम्ही विचारलंय की नोकरी लागली, पहिलं चांगलं घड्याळ घ्यायचंय, बजेट पंधरा हजारांच्या आत, तर क्वार्ट्झ घ्यावं, ऑटोमॅटिक घ्यावं की जुनं चावीचं एचएमटी. आणि त्याच्याच खाली असंही की विदर्भातल्या खाणीत निघणाऱ्या खड्यांना काही किंमत असते का, अंगठीत बसवता येतात का. मी नागपूरचाच आहे आणि मला दोन्हीचा नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घड्याळ. एकच घेणार असाल आणि रोज घालणार असाल तर सरळ क्वार्ट्झ घ्या, लोक त्याला उगाच कमी लेखतात. आत स्फटिकाचा (म्हणजेच क्वार्ट्झचा) एक बारीकसा दोन टोकांचा तुकडा असतो, सेलचा करंट मिळाला की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, मग सर्किट तो आकडा निम्मा-निम्मा करत पंधरा पायऱ्यांत एकावर आणतं आणि तेवढ्यात काटा एक घर पुढे सरकतो. जपानच्या सेको कंपनीने 25 डिसेंबर 1969 ला असं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं तेव्हा ते एखाद्या छोट्या कारच्या किमतीत होतं, आज साधं क्वार्ट्झही महिन्याला 15-20 सेकंदांच्या पलीकडे सहसा चुकत नाही. ऑटोमॅटिक मात्र तेवढं दिवसाला चुकतं आणि तरी ते चांगलं समजलं जातं. सेकोच्या 4आर36 मशीनला तर कंपनी स्वतःच दिवसाला अधिक 45 ते उणे 35 सेकंद सांगते, प्रत्यक्षात बरंच बरं चालतं ते, पण दुकानदार हे आपणहून सांगणार नाही.

ऑटोमॅटिक म्हणजे आत एक अर्धगोल वजन फिरतं आणि हाताच्या हालचालीने स्प्रिंग भरत राहते. वरच्याच मशीनची चावी साधारण 41 तास पुरते, म्हणजे शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलं तर रविवारी दुपारी बंद. रोज एकच घड्याळ घालणाऱ्याला हा त्रास नाही, दोन-तीन आलटून-पालटून घालणाऱ्याला आहे. रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये तारीख हाताने बदलू नका, तेव्हा तारखेची चाकं गुंतलेली असतात, दात तुटतो. आणि मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरपासून, स्पीकरपासून लांब ठेवा, आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी चुंबकाने एकमेकांना चिकटली की घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं.

चावीचं एचएमटी, खरं सांगू, माझं सगळ्यात लाडकं. 1961 मध्ये बंगळूरला सिटिझनच्या मदतीने सुरू झालं आणि 2016 ला सरकारने एचएमटी वॉचेस ही घड्याळाची कंपनीच बंद केली. त्यांचं जनता नावाचं मॉडेल कानाला लावलं तर सेकंदाला पाच टिकटिक ऐकू येतात. रोज ठरलेल्या वेळी, हातातून काढून चावी द्यायची आणि अडली की थांबायचं, बस एवढंच. पण ऑनलाइन जे ‘एकदम नवीन’ लाल, हिरव्या, नारंगी डायलचं जनता मिळून राहिलं ना, ते बहुतेक जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली डायल टाकून विकतात. भिंगाने अक्षरांच्या कडा बघा, शाई पसरलेली दिसली की सोडून द्या. आणि घेण्याआधी नागपुरात बर्डीवर किंवा महालात एखादा जुना घड्याळ दुरुस्त करणारा गाठून ठेवा, त्याने मशीन उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ते मशीन उघडलं की तुम्हीही भिंगातून वाकून बघा हो. चाकांच्या आसांच्या टोकाशी गुलाबी-लाल ठिपके दिसतील, 17 ज्वेल म्हणतात ते हेच. माणकंच आहेत ती, फक्त भट्टीत बनवलेली. फ्रान्सच्या व्हर्नॉयने 1902 मध्ये ही पद्धत जाहीर केली आणि माणिक स्वस्त झालं. त्यांना बाजारात किंमत जवळपास नाही, पण घासली जात नाहीत म्हणून लोखंडी आस वर्षानुवर्षं त्यावर फिरतात. काचेचंही तसंच आहे, आपल्या धुळीत स्फटिकाचे कण असतात, त्यांची कठीणता मोह्सच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर 7, साधी काच त्याच्याखाली म्हणून चरे पडतात. सॅफायर काच 9 ची, तिला धूळ काही करत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी सॅफायरच घ्या. आणि चामड्याचा पट्टा मे महिन्यात नागपुरात घामाने कुजतो, स्टीलचा किंवा नायलॉनचा घ्या.

आता खडे. नागपूर अगदी शिवेवर बसलंय, पश्चिमेकडे काळा बेसॉल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, आणि रामटेककडे गेलं की त्याहून कितीतरी जुना खडक, त्यातच मनसर, कांद्री, बेलडोंगरीचं मँगनीज. या मँगनीजसोबत गोंडाइट नावाचा दगड येतो, गोंडांच्या नावावरून फर्मॉर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. ताजा तुटलेला तुकडा ओला करून उन्हात धरा, राखाडी स्फटिकात मोहरीएवढे मधाळ-नारंगी दाणे दिसतात, कडेने मँगनीजची काळी रेघ. ते दाणे म्हणजे स्पेसार्टिन, गार्नेटचा प्रकार. इतवारीतला सराफ याला भाव देणार नाही आणि त्याचं चूक नाही, दाणे बारीक आणि गढूळ असतात, पैलू पाडायला काही उरत नाही. पण अख्खाच तुकडा घुमटासारखा गुळगुळीत पॉलिश करून घेतला तर असा खडा तुम्हाला कोणत्याच शोरूममध्ये दिसणार नाही.

भंडाऱ्याकडे निळा कायनाइट निघतो, जातो बहुतेक भट्टीच्या विटांत. त्याची मजा अशी की सुरी लांबीच्या दिशेने ओढली तर ओरखडा पडतो, आडवी ओढली तर पडत नाही, एकाच खड्याची दोन दिशांना दोन कठीणता. म्हणून अंगठीत नको, आपटला की चिरतो, गळ्यातल्या पेंडंटला चालेल. जळगाव-नाशिककडचे अपोफिलाइट, स्टिलबाइट हे बेसॉल्टच्या पोकळ्यांतले खडे दिसायला अप्रतिम पण मऊ, ते कपाटातच बरे. अंगठीसाठी बेसॉल्टमधला अकीक (इंग्रजीत अगेट) घ्या, टणक असतो, रोजच्या वापरात टिकतो. भडक गुलाबी, निळा, गर्द हिरवा दिसला तर रंगवलेला समजा, आपल्याकडचा बहुधा राखाडी, दुधी, तपकिरी पट्ट्यांचा असतो. हिरे म्हणाल तर गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख थेट आईन-ए-अकबरीत आहे, आज तिथे हिरे मिळतील या आशेने मात्र जाऊ नका.

खाणीच्या हद्दीत शिरून काहीही उचलू नका, लीज असते आणि कडा ढासळतात. राशीच्या खड्यांचा विषय वेगळा, त्यासाठी लॅबचं सर्टिफिकेट मागा. विकून पैसे होतील म्हणून आपल्याकडचा दगड घ्यायचा असेल तर घेऊच नका, तो कुठून आला आणि कसा बनला हे माहीत करून बोटात घालायचा असेल तर नक्की घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर सॅफायर काचेचं क्वार्ट्झ रोजला, उरलेल्या पैशात तपासून घेतलेलं एक जनता, आणि अकिकाची चांदीतली अंगठी. एचएमटी बघून राहिले असाल तर डायलचा आणि मागून उघडलेल्या मशीनचा फोटो इथेच टाका, रंगवलेलं आहे की ओरिजिनल ते बघून सांगतो.