तालुक्याच्या गावी राहून नागरी समाजशास्त्रात पीएच.डी. करता येईल का?

यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावी राहून नागरी समाजशास्त्राचा, म्हणजे शहरी जीवनाच्या अभ्यासाचा, शोधप्रबंध नक्कीच करता येईल, त्यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. २०११ च्या जनगणनेने किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, या निकषांवर ग्रामपंचायत असलेल्या गावांनाही शहर मानले. या व्याख्येत बायकांची मजुरी धरलेलीच नाही, आणि माझ्या मते आपला संशोधनप्रश्न नेमका तिथेच आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीचा हक्क जातो, पण नव्या ले-आउटमागच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया त्याच असतात. संशोधनाच्या आराखड्यात एकच वस्ती घ्यावी (मार्गदर्शक बहुधा तीन सुचवतील), आणि वेचणीच्या दिवसांत मुलाखती रात्रीच्या जेवणानंतरच ठेवाव्यात.