हिरवळीसाठी बॅटरीचे यंत्र घ्यावे का?

प्रश्न : आमच्या घरामागे सुमारे ३०० चौरस मीटरची हिरवळ आहे. पेट्रोलवरचे जुने लॉन मोवर काही महिने बंद राहिले की चालू होता होत नाही आणि दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. बॅटरीवरचे यंत्र घ्यावेसे वाटते. परंतु अर्धे गवत कापून झाल्यावर ते बंद पडेल, अशी धास्ती आहे. वायरचे किंवा हाताने ढकलायचे यंत्र अधिक बरे का?

उत्तर : आपली धास्ती अनाठायी नाही; मात्र ती हिशेबाने तपासून पाहता येते. खोक्यावर व्होल्टचा आकडा ठळक छापलेला असला, तरी बॅटरी किती वेळ पुरेल हे व्होल्ट आणि अँपिअर-अवर (बॅटरीच्या क्षमतेचे माप) यांच्या गुणाकारावर, म्हणजेच वॅट-अवरमध्ये मोजल्या जाणाऱ्या साठवलेल्या ऊर्जेवर ठरते. ‘४० व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्या काम करताना सरासरी ३६ व्होल्टच देतात, कारण ४० हा पूर्ण चार्ज झाल्याबरोबरचा आकडा असतो. अशा ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत १४४ वॅट-अवर ऊर्जा मावते, आणि बेताच्या कोरड्या गवतात मोटर सरासरी ४०० वॅट खेचते असे धरले, तर ती एकवीस-बावीस मिनिटे चालेल. पाते ४० सेंटिमीटर रुंद असेल, तर वळणे धरून आपल्या हिरवळीलाही वीस ते पंचवीस मिनिटे लागतील. म्हणजे हिशेब अगदी काठावरचा झाला. त्यातच गवत ओले किंवा माजलेले असेल, तर मोटरवरचा भार वाढून बॅटरी चालण्याचा वेळ निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून ६ अँपिअर-अवरची एक किंवा ४ च्या दोन बॅटऱ्या घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

जुन्या यंत्राचे दुखणे बहुधा कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागात असावे. टाकीत महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल शिळे होऊन चिकट होते आणि बारीक छिद्रे बुजवते. ती साफ करून ताजे पेट्रोल घातल्यास यंत्र पुन्हा चालू होण्याची शक्यता बरीच आहे. मोठे आवार आणि उंच गवत यांसाठी पेट्रोलच सरस. पण ऑइल, प्लग आणि फिल्टर यांची निगा कायमची मागे लागते.

वायरचे यंत्र हलके असते, मात्र झाडे आणि वाफे यांच्यामधून वायर सांभाळणे जिकिरीचे होते. ती पात्याखाली येण्याचा धोका असल्यामुळे ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक उपकरण (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे) अत्यावश्यक आहे. हाताने ढकलायचे, लॉन मोवरचे जनक एडविन बडिंग यांच्या १८३० सालच्या यंत्राच्या घराण्यातले फिरत्या पात्यांचे मोवर कात्रीसारखे स्वच्छ कापते, परंतु गवत वाढू दिले की ते अडते आणि आपल्या खांद्याला ते मुळीच मानवणार नाही.

त्यामुळे माझा कौल बॅटरीच्या यंत्राला आहे. ते घेतल्यावर पहिल्या कापणीनंतर गवताची चार पाती हातात घेऊन टोके पाहावीत. धारदार पात्याने टोक सरळ कापलेले दिसते. धार गेली असेल, तर ते पिंजल्यासारखे फाटून दोन दिवसांत तपकिरी पडते आणि मोटरही अधिक वीज खाते. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कापू नये. यंत्र बराच काळ वापरायचे नसेल, तर बॅटरी निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी. उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नये. पात्याला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवण्यास मात्र कधीही चुकू नये.