ट्विंज म्हणजे दुखणंच ना?

प्रश्न: डॉक्टरांनी विचारलं, गुडघ्यात ट्विंज येते का? म्हणजे दुखतं का, एवढंच ना?

उत्तर: नाही हो, नुसतं दुखणं वेगळं. ट्विंज म्हणजे आपण जिला चमक म्हणतो ती, जिना उतरताना पाय टेकवला की एकदम येते, कठडा धरायला लावते आणि पुढच्या पायरीला गायबपण होते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं मूळ आहे चिमटा काढणं, मला हे फार आवडतं, अर्थ तिथेच कळतो. मनासाठीपण वापरतात, ट्विंज ऑफ गिल्ट म्हणजे घाईत आईचा फोन कट केल्यावर मनात चटकन टोचतं ना, ते. दिवसभर ठणकत असेल तर मात्र ट्विंज म्हणू नका. आणि डॉक्टरांना सरळ मराठीत सांगा, चमक येते म्हणून.