लेकरांना घेऊन संभाजीनगरचा (औरंगाबादचा) बीबी का मकबरा बघायला जाताय?

ताई, पहिल्यांदाच जाताय तर वेरूळ, देवगिरी, मकबरा सगळं एका दिवसात कोंबू नका. बहुतेकांची हीच चूक होते अन् दुपारी लेकरं रडकुंडीला येतात. बीबी का मकबरा अन् पाणचक्की, बास.

- सकाळी लवकर पोचा. चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात, उन्हात फरशीनं पाय पोळतात. लेकरांचे मोजे घ्याच.
- घुमटाकडे पळू नका. आधी चारबाग (चार भागांत आखलेली बाग), कारंज्यांचे हौद बघा. मग भिंत जवळून दाखवा: खाली संगमरवर, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. माझ्या लेकीनं तो सांधा बोटानं शोधला होता!

दुपारी पाणचक्कीला वडाखाली टेका. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून इथं दळण दळायचे, ते नक्की सांगा. धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या.