नव्याने वडील झालेल्यास

चर्चच्या मंडळीची देखभाल करणारा 'वडील' म्हणून तुझी निवड झाली, अभिनंदन. या शब्दाने बिचकू नकोस, वयाचा दाखला कोणी मागत नाही. बायबलमधला मूळ ग्रीक शब्द प्रेस्बुतेरॉस, म्हणजे वयाने मोठा. पण आपला सहकारी तीत याला पत्र लिहिताना प्रेषित पौल 'वडील' म्हटल्यावर दोन ओळींनंतर त्याच माणसाला 'अध्यक्ष', म्हणजे देखरेख करणारा, म्हणतो आणि वय सोडून स्वभाव तपासतो: रागीट नको, पैशाचा लोभी नको, पाहुणचार करणारा हवा.

मिलेत शहराहून पौलाने इफिस शहरातल्या मंडळीला निरोप धाडला तोही 'वडिलांना', अनेकवचनात. मंडळी एकट्याने हाकायची नसते. वडिलांच्या बैठकीत तुझं मत मान्य झालं नाही तर बाहेर येऊन कुरकुर नको. (हे शिकायला मला चार वर्षं लागली.)

खरं काम बैठकीबाहेरच. आजाऱ्याने वडिलांना बोलवावं असं बायबलमधलं याकोबाचं पत्र (5:14) सांगतं, म्हणजे अपरात्री फोन येणारच. गेलास की खुर्ची पलंगाजवळ ओढ, आधी ऐक, प्रार्थना छोटी कर. उपदेश तर मुळीच नको. तिथलं बोलणं घरीसुद्धा काढायचं नाही. आणि कोणी दुसऱ्या वडिलाची तक्रार घेऊन आलं, तर दोन-तीन साक्षीदार आहेत का, हे आधी विचार.